शेफील्डचे शिकलगार आणि धूळ ओढणारा पंखा

आपल्या पूर्वजांच्या कलाकौशल्याचे गुणगान या स्मरणिकेत दरवर्षी होते आणि ते यथायोग्यच आहे. परंतु भांडे लखलखीत होत असता ते घासणाऱ्याच्या छातीत काय साठत जाते, याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो. हा इतिहास ज्या नगरात अत्यंत स्पष्टपणे नोंदला गेला, ते इंग्लंडातील शेफील्ड होय.

चाकू, वस्तरे, कात्र्या व काटे यांसाठी हे नगर जगद्विख्यात होते. तेथील शिकलगार वालुकाश्माच्या मोठ्या फिरत्या सहाणेमागे लाकडी घोडीवर बसे आणि पुढे वाकून पात्यास धार देई. सहाण पाण्याने भिजलेली असली तर भुग्याचा चिखल होऊन तो खाली बसे. कोरडी असली तर दगडाची व पोलादाची पूड थेट नाकातोंडात जाई. डॉ. नाइट या तेथील वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे लिहून ठेवले, ते वाचून मन सुन्न होते. कोरड्या सहाणेवर काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत. ओली व कोरडी अशा दोन्ही सहाणा वापरणारे वस्तरेवाले ४० ते ४५ पर्यंत जगत. ओल्या सहाणेवर जेवणाच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० पर्यंत. नगर एक, धंदा एक. परंतु धुळीच्या प्रमाणात आयुष्य तुटत होते. लोक या दुखण्यास शिकलगारांचा दमा म्हणत. आज आपण त्यास सिलिकोसिस म्हणतो.

यावर पहिला गाजलेला उपाय सुचविला तो अब्राहम नामक एका शाळामास्तराने. (आमच्या पेशाचा मनुष्य, म्हणून त्याचा उल्लेख करताना थोडा अभिमान वाटतो!) १८२० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याने लोहचुंबकाची योजना पुढे मांडली. कल्पना चतुर, पण अपुरी होती. चुंबक पोलादाचे कण धरी. दगडाची धूळ त्यास जुमानत नसे. आणि फुफ्फुस दगडासारखे कठीण करणारी मुख्य वस्तू ती दगडाची धूळच होती. शत्रू कोण हे न ओळखता शस्त्र निवडले, की असे होते.

खरा उपाय पंख्याचा. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये त्याचे वर्णन केले आहे. सहाणेच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, कारागिराच्या विरुद्ध बाजूस, दहा ते बारा इंच चौरस तोंडाचे लाकडी नसराळे बसवीत. त्यापासून जमिनीखालून एक नळ निघे. आठदहा कारागिरांचे नळ पुढे एका मोठ्या नळास मिळत, आणि त्याच्या टोकाशी धान्य उफणण्याच्या पंख्यासारखा पंखा असे. सहाण ज्या यंत्राने फिरे, त्याच यंत्राच्या पट्ट्याने तोही फिरे. सबब काम सुरू असता पंखा बंद राहण्याचा प्रश्न फारसा नव्हता. धूळ खोलीत पसरण्यापूर्वीच बाहेर जाई.

इतके असूनही हा पंखा सर्वत्र लागला नाही. खर्चाची कुरकुर होतीच, कारण पुष्कळसे शिकलगार आपली बसण्याची जागा भाड्याने घेत आणि परक्याच्या वास्तूत पैसा कोण घालणार! पण दुसरे कारण अधिक दारुण आहे. माणसे अधिक जगली तर धंद्यात हात वाढतील आणि मजुरी उतरेल, असे खुद्द कारागीरच म्हणत. ज्यांस विशीतच आपले मरण दिसत होते, त्यांनी मृत्यूलाच मजुरीचा रखवालदार केले होते. त्यांस अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. मला तसे हसवत नाही. अखेर १८६७ च्या कायद्यांनी घासकामाच्या जागी निरीक्षकास पंखा लावण्याची सक्ती करण्याचा अधिकार दिला.

आपल्याकडे आता कारखान्यासाठी पंखा घ्यावयाचा तो कोणता, असे तरुण मंडळी विचारतात. भिंतीच्या वरच्या झरोक्यात बसविलेला पंखा स्वस्त पडतो; पण सहाणेपासून झरोक्यापर्यंत जाणारी धूळ वाटेत कारागिराच्या नाकावरूनच जाते. नसराळ्याचे तोंड चाकापासून थोडे दूर नेले, तरी त्याची ओढ झपाट्याने कमी होते. घासकामाची व पॉलिशची धूळ चाकाच्या फिरण्याच्या दिशेने उडते, म्हणून तोंड त्या दिशेस हवे. उलट, पितळ ओतताना निघणारा जस्ताचा पांढरा धूर उष्णतेने वर चढतो. त्याने ओतारी मंडळींस संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तेथे छत्री वर असावी, पण मुशीवर वाकणाऱ्याचे डोके तिच्या खाली येता कामा नये. पॉलिशच्या चाकाचा कापूसधागा आणि पोलाद घासताना उडणाऱ्या ठिणग्या एकाच नळात सोडल्यास नळ पेटतो.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमाने धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी, असे सांगितले. शेफील्डच्या लाकडी नसराळ्याचेच तत्त्व ते! मात्र यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरते बोलावयाचे तर, दहा किंवा अधिक कामगार असतील तेथेच तो कायदा सामान्यतः लागू होई. आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या पडवीत एक मोटर, दोन चाके, बाप आणि दोन मुलगे एवढाच कारखाना असे, आणि तेथे कोणी निरीक्षक येत नसे.