जर्बिलाचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या मोहने येथील घरी एक नवे बिऱ्हाड येऊन दाखल झाले. धाकट्या कन्येने वर्षभर हट्ट धरिला होता, आणि परीक्षेतील गुणांच्या बदल्यात तो पुरविण्याचे वचन आम्ही बेसावधपणे देऊन बसलो होतो. कल्याणच्या एका दुकानदाराने ती जोडी 'हॅमस्टर' म्हणून आमच्या हवाली केली. घरी आणून पाहतो तो प्रत्येकीची शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब, केसाळ आणि टोकाशी काळ्या झुबक्याची! हॅमस्टरास शेपटी केवळ म्हणण्यापुरती असते. पुस्तके चाळली तेव्हा खात्री पटली की, आमच्याकडे आलेले प्राणी मंगोलियाकडील जर्बिल होत. दोन्ही माद्या, एकाच वेतातल्या बहिणी. कन्येने त्यांच्या रंगावरून एकीचे नाव ज्वारी व दुसरीचे बाजरी असे ठेविले.

नामकरण आटोपते न आटोपते तोच मातोश्रींनी हरकत घेतली. "उंदीर तो उंदीर. त्याला परदेशाचे नाव दिलेस म्हणून तो काय निराळा झाला? घरात उंदीर पडला की माणसे चूल उचलून रानात झोपड्या बांधून राहात. माझ्या आजीच्या लहानपणची गोष्ट आहे ही."

हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाहता पाहता ती साथ रेल्वेच्या वाटेने सबंध इलाख्यात पसरली. 1897 च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1898 साली कराचीत सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखविले, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. शास्त्राला ही साखळी जुळविण्यास दहा वर्षे लागली. उंदीर पडला की घर सोडावे, एवढे शहाणपण मात्र लोकांपाशी आधीच होते. मातोश्रींचा संशय तर त्यांना स्वतःला वाटत होता त्याहूनही अधिक साधार निघाला. भारतीय जर्बिल म्हणून जो रानउंदीर आपल्या शेतांतून राहतो, ज्यास हिंदीत हरणमूस म्हणतात, तोच या देशात प्लेगचा जंतू रानावनांत टिकवून धरीत असावा, असा निष्कर्ष 1960 च्या सुमारास बाल्ताझार प्रभृती संशोधकांनी काढिला. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगने पुन्हा डोके वर काढिले, तेव्हाही संशयाची नजर शेतांतल्या उंदरांकडेच वळली. मंगोलियाकडील जर्बिलही आपल्या मूळ मुलखात या रोगापासून मुक्त नाहीत.

मग ज्वारी-बाजरी यांना घरात ठेवावे कशाच्या भरवशावर? त्याचे उत्तर त्यांच्या वंशावळीत सापडले. 1866 साली आर्मां दाव्हिद या फ्रेंच पाद्र्याने उत्तर चीनमधून काही 'पिवळे उंदीर' पॅरिसच्या संग्रहालयास पाठविले, आणि 1867 मध्ये मिल्न-एडवर्ड्स याने त्यांचे शास्त्रीय वर्णन करून नाव ठेविले. आज त्या जातीचे पहिले नाव 'मेरिओनेस' असे आहे. हा होमरच्या महाकाव्यातील एक योद्धा. दुसऱ्या नावाचा अर्थ 'नखे असलेला'. हातभर उडी मारून कागदाच्या ढिगाऱ्यात तोंड लपविणाऱ्या या प्राण्यास नखधारी वीर म्हणावे, हा विनोद शास्त्रज्ञांनाच सुचावा! पुढे जवळजवळ सत्तर वर्षे कोणी त्याची विचारपूस केली नाही. 1935 साली अमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडून त्या जपानातील कितासातो संस्थेत नेण्यात आल्या. महायुद्धाच्या धामधुमीतून तो वंश टिकला, आणि 1954 साली त्यातील अकरा जोड्या अमेरिकेत व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे गेल्या. तेथे पाच माद्या आणि चार नर यांच्यापासून जी प्रजा वाढली, तीच प्रयोगशाळांतून शाळांत आणि शाळांतून घराघरांत पसरली. म्हणजे आमच्या ओसरीवरील या दोघींच्या पूर्वजांनी रानाचे तोंड पाहिल्यास नव्वद वर्षे होत आली. हे सर्व मातोश्रींस सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि निकाल दिला : पिंजरा ओसरीवरच राहील, आणि हात धुतल्याशिवाय कोणी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. निकाल योग्यच होता; आजही तो अमलात आहे.

येथपर्यंत इतिहासाने आम्हांस साथ दिली. पुढची चूक आमची. दुकानदाराने दिलेला तारेचा पिंजरा, त्यात एक चाक, तळाला दोन बोटे भुसा, एवढ्या सामग्रीवर आम्ही गृहप्रवेश उरकला. तिसऱ्या दिवसापासून बाजरीने एक कोपरा धरिला आणि पुढल्या दोन्ही पायांनी ती तो अखंड उकरू लागली. खाली पत्रा, त्यावर नखांचा खर्र खर्र आवाज रात्री-अपरात्री चाले. कन्येला वाटले, तिला खेळ आवडतो. आम्हांस वाटले, हिला माती हवी. म्हणून उल्हास नदीच्या काठची वाळू आणून, चाळून, वाळवून चांगला वीतभर थर घातला. बाजरीने वाळू बाजूस सारली आणि पुन्हा तोच कोपरा उकरण्यास आरंभ केला.

आमच्या संग्रहात जुन्या प्राणिवर्णनांची काही टिपणे होती. ती उलटता उलटता वॉल्टर एलियट यांचे नाव आढळले. 1824 साली कित्तूरच्या उठावात राणी चेन्नम्माच्या कैदेत सापडलेला जो तरुण इंग्रज अधिकारी, तोच हा एलियट. धारवाडकडील दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात, म्हणजे त्या काळी मराठी आणि कानडी दोन्ही जेथे कानी पडत तेथे, त्याने बरीच वर्षे काढिली आणि 1839 साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्या भागातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत या हरणमुसाच्या घराचे जे वर्णन आहे, ते वाचून आम्ही थक्क झालो. तोंडे पुष्कळ, पण लहान. तेथून दोन-तीन फूट तीव्र उतार. मग आडवी सुरुंगवाट आणि तिला फुटलेले फाटे. फाट्यांच्या शेवटी अर्ध्या ते एक फूट रुंदीच्या खोल्या, आणि खोल्यांत वाळक्या गवताचे अंथरूण. एका बिळात मध्यभागी मोठी खोली निघाली. ती सर्वांची बैठकीची जागा, आणि लहान खोल्या लेकुरवाळ्या माद्यांच्या, असा उलगडा एलियटला केला तो वडारांनी.

हे वडार कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. माती खणणे आणि दगड फोडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. रानउंदीर हे त्यांचे अन्न. 1826 साली त्या भागात रानउंदरांचा सुळसुळाट होऊन पेरलेले बी उगवेना, तेव्हा धान्याच्या मोबदल्यात हजारो उंदीर मारण्याचे कामही त्यांच्याकडेच आले होते. बीळ खणून काढणाऱ्यास त्याचा नकाशा जितका पाठ असतो, तितका दुर्बिणीतून पाहणाऱ्यास नसतो. तेव्हा जर्बिलाच्या घराची ही जुनी माहिती लिहिली साहेबाने, पण ती वडारांची आहे, असे आम्ही मानतो. त्या माहिती देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या पानावर नाही, याची खंत वाटते.

त्या वर्णनाचा अर्थ आम्हांस पुरता उमगला तो आणखी एक निबंध वाचल्यावर. क्रिस्टोफ वीडनमायर या संशोधकाने 1997 साली जर्बिलांच्या या कोपरा उकरण्याच्या खोडीचे मूळ शोधले. काही पिलांना त्याने उकरण्यास भरपूर कोरडी वाळू दिली. ती तरीही कोपरे उकरीतच राहिली. काहींना वाळू न देता तयार बीळ दिले, म्हणजे एक अंधारी खोली आणि तिला जोडलेली नळीसारखी वाट. त्यांना ही खोड लागलीच नाही. म्हणजे या प्राण्यास उकरण्याची हौस नसून घराची गरज आहे. घर मिळेपर्यंत तो उकरीत राहतो. आणि घर म्हणजे केवळ खोली नव्हे. खोलीकडे नेणारी अरुंद वाटही तीत आली. पिंजऱ्यात भुसा भरून आम्ही त्यांना अंगण दिले होते, घर दिलेच नव्हते.

मग खटाटोप सुरू झाला. जुनी काचेची मासळीची पेटी पुसून काढिली. कुंभाराकडून एक अरुंद तोंडाचे मडके आणिले, ते आडवे ठेवून त्याच्या तोंडाशी मातीची वाकडी नळी बसविली, आणि सर्वांवर वाळके गवत, कागदाचे तुकडे व भुसा यांचा हातभर थर दाबून भरिला. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा या प्राण्यांस बाधतो, म्हणून तो टाळिला. वर जाळीचे झाकण, आणि अंग घोळण्यास एका परळात बारीक वाळू. पहिल्या रात्री दोघी नळीत शिरल्या त्या सकाळपर्यंत दिसल्या नाहीत. बाजरीचे कोपरा उकरणे पुष्कळ कमी झाले, पण अगदी थांबले नाही. लागलेली खोड घर मिळाल्यावरही सहजासहजी सुटत नाही.

माणसाळविण्याचे काम मात्र निराळ्याच वाटेने गेले. घाई कन्येची, सबुरी शिकविणे आमच्याकडे. पहिला आठवडा हात आत घालावयाचा नाही. दुसऱ्या आठवड्यात तळहातावर राळ्याचे चार दाणे ठेवून तो तळाशी स्वस्थ ठेवावयाचा. वरून झडप घातल्यासारखा आलेला हात त्यांना घारीसारखा वाटतो. भ्याल्या की मागल्या पायांनी जमिनीवर धप् धप् ठोके देऊन दोघी बिळात पसार होतात. ज्वारी दहाव्या दिवशी हातावर चढली. बाजरीच्या बाबतीत अनर्थ झाला. पाहुण्यांच्या मुलाने तिला उचलण्यासाठी शेपटीचे टोक धरिले, ती उसळली, आणि टोकाची कातडी झुबक्यासकट त्याच्या बोटांत राहिली. जर्बिलाची ही शेपटी शत्रूच्या तोंडात सोडून पळण्यासाठीच आहे, आणि गेलेले टोक पुन्हा येत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. त्या मुलाला सांगितले मात्र नव्हते. कन्या दोन दिवस जेवली नाही. उघडे पडलेले टोक वाळून गळून पडले, जखम भरली. पण बाजरी पुन्हा हाताजवळ येण्यास सव्वादोन महिने लागले. तेवढे दिवस कन्या रोज संध्याकाळी अर्धा तास तळहात पसरून बसत असे. तिच्याकडून इतकी चिकाटी आम्ही कधी पाहिली नव्हती.

पावसाळा ही दुसरी परीक्षा. या प्राण्यांचा मूळ मुलूख कोरडा, आणि मोहन्याचा आषाढ म्हणजे भिंतींनाही घाम! हवा दमट झाली की त्यांची लव चिकटून विसकटलेली दिसू लागते. अशा हवेत त्यांना आणावे की नाही, हा प्रश्न आम्ही आणण्यापूर्वी विचारावयास हवा होता. आता जे करता येईल ते करितो. अंथरूण वरचेवर बदलतो, आणि परळातील वाळू दर दोन दिवसांनी लोखंडी तव्यावर भाजून, निववून घालितो. हा तवा निराळा ठेविलेला आहे, आणि वाळू भाजण्याचे काम मातोश्रींनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले आहे. हात धुण्याचा नियम त्या अर्थातच सोडीत नाहीत.

श्रावणात एके सकाळी पाहिले तो नळीचे तोंड आतून कागदाच्या चोथ्याने घट्ट बंद केलेले. एलियटच्या वर्णनातही काही खोल्यांची दारे चिखलाने लिंपलेली आहेत. कन्या चोथा काढावयास निघाली, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "राहू दे गं. दार लावून घेतलंय त्यांनी."