पटवर्धन, आनंद

(जन्म : १८ फेब्रुवारी १९५०). भारतीय माहितीपटकार. जमातवाद, जात, विस्थापन, अण्वस्त्रे आणि राष्ट्रवाद हे त्यांच्या चित्रपटांचे विषय. जन्म मुंबईत. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब पटवर्धन आणि १९४२च्या भूमिगत चळवळीचे नेते अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. आई निर्मला या सिंधमधल्या हैदराबादच्या. शांतिनिकेतनात शिकलेल्या नामवंत कुंभारकलावंत. मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य, अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र आणि पुढे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात संज्ञापन, असे शिक्षण झाले. ब्रँडाइसहून परतल्यावर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या संस्थेत ग्रामीण शिक्षणाचे काम केले.

कॅमेरा हाती आला तो जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनात. ‘क्रांति की तरंगें’ (१९७५) या पहिल्या चित्रपटासाठी मुदत संपलेली फिल्म आणि उसने कॅमेरे वापरले. सुपर-८वर टिपलेली दृश्ये पडद्यावर टाकून ती १६ मिमीवर पुन्हा चित्रित केली. आणीबाणी लागल्यावर या चित्रपटाची प्रत तुकडे करून गुपचूप परदेशी पोहोचवावी लागली. राजकीय कैद्यांवरचा ‘जमीर के बंदी’ १९७८चा. त्यानंतर कॅनडातील भारतीय शेतमजुरांच्या संघटनेवरचा ‘अ टाइम टू राइज’ (१९८१, जिम मनरो यांच्यासह) आला. ‘हमारा शहर’ (१९८५) हा मुंबईतील झोपडीवासीयांच्या हकालपट्टीवर आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनवर येण्यासाठी कोर्टाची वाट धरावी लागली.

‘राम के नाम’ (१९९२) ही त्यांची सर्वाधिक पाहिली गेलेली कृती. अडवाणींच्या अयोध्येकडे निघालेल्या रथयात्रेपासून ३० ऑक्टोबर १९९०च्या पहिल्या कारसेवेपर्यंतचा काळ तिच्यात आहे. मंदिरासाठी जीव द्यायला निघालेल्या तरुणांना पटवर्धन रामाच्या जन्माचा काळ विचारतात. पोरे एकमेकांकडे पाहतात, उत्तर येत नाही. प्रश्न साधा आहे, विचारणाऱ्याचा आवाजही चढत नाही. याच चित्रपटात न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी लालदास भेटतात. हे सारे राजकारण आहे, असे ते स्वच्छ शब्दांत सांगतात. नोव्हेंबर १९९३मध्ये त्यांची हत्या झाली. चित्रपटाला राष्ट्रीय आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, तरीही दूरदर्शनने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७मध्ये दाखवला. बाबरी मशीद पाडली जाण्यापूर्वी हा चित्रपट तयार होता. तो तेव्हाच घरोघरी दिसायला हवा होता, ही खंत आजही बोचते.

पटवर्धनांच्या कारकिर्दीत न्यायालयीन लढा चित्रपटनिर्मितीइतकाच मोलाचा आहे. या लढ्याची पूर्वपीठिका समजण्यासाठी भिवंडीची आठवण ठेवली पाहिजे. मे १९७०च्या दंगलीनंतर हिंदी लेखक भीष्म साहनी अभिनेते भाऊ बलराज यांच्यासह यंत्रमागांच्या या गावात आले. जळालेली घरे आणि मुके पडलेले माग पाहून त्यांना फाळणीतले रावळपिंडी आठवले आणि त्यातून ‘तमस’ कादंबरी उभी राहिली. गोविंद निहलानींनी तिच्यावर केलेली मालिका १९८८मध्ये दूरदर्शनवर सुरू होताच ती बंद पाडण्यासाठी याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय, दोघांनीही प्रक्षेपणाच्या बाजूने कौल दिला. दंगलीचे चित्रण दंगल भडकवते, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही. पुढे पटवर्धनांपुढेही तोच युक्तिवाद पुन्हापुन्हा आला. पौरुषाची कल्पना आणि धार्मिक हिंसा यांचे नाते शोधणारा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) दूरदर्शनने दाखवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ साल उजाडल्यावर मिळाला.

‘जंग और अमन’ (२००२) पोखरणच्या १९९८च्या चाचण्यांनंतरच्या उपखंडाचा आहे. त्यात पाकिस्तानातील एका शाळेत मुली बॉम्बच्या बाजूने जोरदार भाषण ठोकतात. मग गप्पांमध्ये हळूच कबूल करतात, की मनातून आपल्याला तसे वाटत नाही. देशप्रेम पाठ कसे करवून घेतले जाते, हे याहून नेमके क्वचितच कुणी दाखवले असेल. चित्रपट परीक्षण मंडळाने एकवीस कात्र्या सुचवल्या. २००३मध्ये उच्च न्यायालयाने एकही कात्री न लावता चित्रपट मोकळा केला.

मराठी प्रेक्षकाने अग्रक्रमाने पाहावा तो ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. कपाळाला निळे फडके बांधलेले होते. डाव्या चळवळीत डफ वाजवणारे हे शाहीर ‘हमारा शहर’मध्ये गायले होते. मित्राच्या या मृत्यूमागचे कारण शोधत पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करत राहिले. तीन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटात जलसे आहेत, वस्तीतल्या बायांच्या आठवणी आहेत, कबीर कला मंचाची तरुण पिढी आहे. डाव्यांचा लाल आणि आंबेडकरी निळा यांच्यातले अंतर इतक्या आस्थेने मांडणारी दुसरी दृक्‌श्राव्य कृती महाराष्ट्रात नाही. जानेवारी २०१२मध्ये तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत दाखवला गेला. प्रोजेक्टर घेऊन वस्तीत जाणे आणि नंतर प्रेक्षकांशी बोलत बसणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

सरदार सरोवराच्या लढ्यावरील ‘नर्मदा डायरी’ (१९९५) त्यांनी सिमंतिनी धुरू यांच्यासह केली. २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात माहितीपटांना परीक्षण प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभारणाऱ्यांत ते होते. २०१४मध्ये त्यांना याच मुंबई महोत्सवाचा व्ही. शांताराम जीवनगौरव मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केला. विवेकवादी दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि पत्रकार गौरी लंकेश यांच्या हत्यांमागचा विचार उलगडणाऱ्या ‘विवेक’ला (२०१८) अॅम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला.

त्यांच्यावर एकांगीपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. ते बाजू घेतात, हे खरे. पण विरोधकाला पूर्ण वाक्य बोलू देतात आणि ते वाक्य तसेच ठेवतात. ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) या चित्रपटात कॅमेरा घरात वळला आहे : वृद्ध आईवडील, काकांच्या तुरुंगवासाच्या आठवणी, आणि मागे राहिलेले आईचे सिंध.