मुखारोग्य आणि हृदयविकार
तोंड व हृदय यांच्यातील सर्वांत पक्का दुवा म्हणजे एंडोकार्डायटिस, अर्थात हृदयाच्या आतील अस्तराचा व झडपांचा जंतुसंसर्ग. दात काढताना, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर चावताना वा ब्रश करतानाही, तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर ते लवकरच नष्ट करते. ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर मात्र ते चिकटून वाढू शकतात. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दंतोपचारापूर्वीची प्रतिजैविके अतिजोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. रोजची दंतस्वच्छता अधिक मोलाची, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. हिरड्यांचा जुनाट दाह व हृदयधमनीविकार पुष्कळदा एकत्र आढळतात, पण धूम्रपान व मधुमेह दोहोंना पोषक असल्याने त्यांतील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.