रणवाद्यांचा उत्तरकाल

रणवाद्ये रणभूमीवरच शोभावयाची, अशी सामान्य समजूत आहे. युद्ध सरल्यावर त्यांचे काय होते ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेत मात्र पहिल्या महायुद्धानंतर ह्या वाद्यांस नवेच आयुष्य लाभले. १९१९ च्या मार्च महिन्यात पॅरिस येथे अमेरिकन सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’ ह्या संस्थेची मुहूर्तमेढ रोविली. मायदेशी परतल्यावर गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. सैन्याला नकोसे झालेले बिगूल व ढोल स्वस्तात मिळू लागले. आणि कवाईत ज्यांच्या अंगी मुरली होती अशांच्याच हाती ते पडले. १९२१ पासून लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनांत ह्या पथकांच्या चढाओढी होऊ लागल्या. तिच्याहून वडील अशी ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ ही संस्थाही ह्या कामी मागे राहिली नाही.

परंतु बिगूल हे वाद्य मोठे दरिद्री! ज्या नळीस कळ नाही तिच्यातून ओठांच्या ताणाने निघतील तेवढेच स्वर निघावयाचे. सा, ग, प आणि पुन्हा सा, एवढीच तिची संपत्ती. ऋषभ-मध्यम-धैवत तिच्याजवळ सहजासहजी मागू नयेत. छावणीतील इशाऱ्यांस एवढे पुरते, गाण्यास पुरत नाही. म्हणून १९३० च्या सुमारास बिगुलास एक आडवा दट्ट्या बसविण्यात आला. तो दाबला की नळीचा मूळ स्वर खालच्या पंचमापर्यंत उतरे व त्यायोगे निषाद आणि ऋषभ हाती येत. मध्यम व धैवत तरीही रुसलेलेच राहिले. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर ह्या पथकांनी चौपदरी स्वरमेळ उभे केले, ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या साऱ्या पारितोषिकांहून मोठी आहे.

स्पर्धेचे नियम अर्थातच आश्रयदात्यांचे, म्हणजे शिपाईबाण्याचे. वादनापूर्वी गणवेशाची तपासणी होई; राष्ट्रध्वजाच्या मानात उणे पडल्यास दंड होई. परीक्षक मैदानात उतरून रांगांमधून हिंडत आणि पाऊल चुकले, काठी उशिरा पडली की दर चुकीस दशांश गुण कापीत. सुंदर काय झाले ह्याची नोंद थोडी, चुकीची मात्र बारकाईने. (आमच्या व्यवसायातील परीक्षकांस ही पद्धत अगदीच अपरिचित वाटू नये.) तथापि ह्याच कडक शिस्तीमुळे त्या वादनास रेखीवपणा आला, हेही नाकबूल करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या चळवळीस पुन्हा भरती आली. न्यू जर्सीतील हॉथॉर्न ह्या गावी लीजनच्या १९९ क्रमांकाच्या शाखेच्या आश्रयाने १९४६ मध्ये ‘कॅबॅलेरोज’ हे पथक निघाले. युद्धावरून परतलेल्या ह्या मंडळींनी लष्करी अंगरख्याऐवजी स्पॅनिश सरदाराचा वेष पत्करला आणि चालीही त्याच धाटणीच्या वाजविल्या. लीजनचे अजिंक्यपद त्यांनी अनेकदा मिळविले. ज्यांनी गणवेश प्रत्यक्ष अंगावर वागविला होता त्यांनाच त्याचा पाश प्रथम सैल करावासा वाटला, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

खरा तंटा तरुणांच्या पथकांत माजला. दूरच्या प्रवासाचा खर्च पथकांनी सोसावा, प्रेक्षक त्यांनीच जमवावेत, आणि नियम मात्र ज्यांचा वादनाशी संबंध उरला नाही अशा मंडळींनी ठरवावेत, हे पथकप्रमुखांस जाचू लागले. १९७१ मध्ये त्यांतील काही प्रमुखांनी एकत्र येऊन ‘ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल’ ही स्वतंत्र संस्था काढिली. पुढल्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यस्पर्धा झाली व अनाहाइमचे ‘किंग्जमेन’ विजयी झाले. आश्रयदात्यांचे सिंहासन कोणी उलथले नाही. दरबारी उठून गेले, इतकेच. हे बंड आम्हांस न्याय्य वाटते, परंतु ज्या वृद्ध सैनिकांनी पदरमोड करून ही पोरे वाढविली त्यांच्या मनास काय वाटले असेल, तेही आम्ही समजू शकतो.

त्यानंतर कुंपणे भराभर पडली. १९७७ मध्ये दुसरा दट्ट्या आला, १९८४ मध्ये दशांश कापण्याची रीत गेली, १९९० मध्ये तिसरा दट्ट्या आला. मध्यम-धैवतांचा रुसवा केव्हाच निघाला होता. २००० पासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली, आणि काटेकोर अर्थाने बिगूल असा उरलाच नाही. नव्या संस्थेच्या नावात ढोल आहे, बिगूल नाही. हे तीस वर्षे आधीच घडून गेले होते.

प्रौढांची पथके १९६५ पासून आपली निराळी अजिंक्यस्पर्धा भरवीत. ‘कॅबॅलेरोज’ १९७० मध्ये तीत प्रथम जिंकले, १९९५ मध्येही जिंकले. ती प्रौढांची संस्था २०२३ नंतर तरुणांच्या संस्थेत विलीन झाली.