लोनाडचे लेणे

पडघ्याचे उपासक कान्हेरीस जातात. त्यांच्याच भिवंडी तालुक्यातील लोनाडच्या डोंगरात बौद्ध लेणे आहे, ते मात्र खांडेश्वरी देवीचे म्हणूनच ओळखले जाते. फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० साली भारतातील लेण्यांचा ग्रंथ सिद्ध केला. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात लोनाडचीही नोंद आहे. त्या नोंदीचे मोल आम्ही मानतो. परंतु दगड मोजणे वेगळे आणि माणसे ओळखणे वेगळे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचा सोनार पाण्याचे टाके दान देतो; कल्याणचाच लोहारही दात्यांत आहे. धम्माला आश्रय केवळ राजांनी दिला, असे म्हणणाऱ्यांनी हे लेख अवश्य वाचावेत. लोनाडच्या भिंतीवरील राजदरबाराच्या शिल्पापुढे उभे राहिलो, तेव्हा आम्हांला तो राजा नव्हे, छिन्नी धरणारा हात आठवला.