मंदरची लढाई कोणी खेळत नाही

लुटुपुटीच्या लढाईत सगळ्यांत अवघड काम मरणाऱ्याचे. तलवार फिरवायला पोरे लवकर शिकतात. वार बसल्यावर मागच्याच्या पायात न येता, ढाल अंगाखाली न घेता, मान सांभाळून कोसळायला मात्र महिना जातो. मी वणीकडचा. सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत पीटीचा मास्तर म्हणून झाली. शिवजयंती जवळ आली की लाठी, लेझीम आणि दहा मिनिटांची एक लढाई बसवायची, हे काम ठरलेलेच. लढायाही ठरलेल्या: एका वर्षी प्रतापगड, दुसऱ्या वर्षी पावनखिंड, आणि मुख्याध्यापकांना हौस आली तर सिंहगड.

पात्रे वाटायला बसलो की तंटा सुरू. मावळे व्हायला अख्खी शाळा तयार. समोरच्या बाजूला उभे राहायला कोणी मिळत नसे. "सर, मले मुघल नोका बनवू न," म्हणून पोरे मागे लागत. अफजलखान वर्गातल्या जाड्या पोराच्या माथी मारला जाई आणि त्याची माय दुसऱ्या दिवशी शाळेत येई. शेवटी मी एक नियम केला. तालमीत बाजू रोज बदलायची. आज ज्याने मारले, तो उद्या पडणार. कोणाची कायमची भूमिका आदल्या दिवसापर्यंत सांगायची नाही. तंटा तर थांबलाच, शिवाय एक गोष्ट लक्षात आली. जो पोरगा दोन दिवस खाली पडला आहे, तो तिसऱ्या दिवशी वार करताना हात आवरतो. लाकडी तलवार कुठे लागते ते त्याला ठाऊक झालेले असते.

निवृत्तीनंतर आता मी प्रेक्षकांत बसतो. मागे यवतमाळच्या समता मैदानावर शिवजयंतीच्या निमित्ताने कोल्हापूरकडचा एक संघ मर्दानी खेळ घेऊन आला होता. फेब्रुवारीचा महिना, दिवसा ऊन चटका देऊ लागलेले, संध्याकाळी मात्र खुर्च्या कमी पडाव्यात इतकी गर्दी. हलगी सुरू झाली आणि पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांत पट्टे चढवून रिंगणात आली.

पट्टा जवळून पाहिला नसेल त्याला तो लांब तलवारीसारखा वाटतो, पण त्याची कुळी वेगळी. पाते सरळ, दुधारी, लवणारे आणि साधारण चार फुटांचे. मूठ आडवी, ती आत धरायची. वर लोखंडी खोबळा, तो थेट कोपराच्या दिशेने चढत जातो. एकदा हात आत गेला की मनगट वळत नाही. म्हणून पट्ट्याचा वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, आणि कमर फिरायची तर पाय बरोबर पडावे लागतात. लोक तिच्या पात्यांकडे पाहत होते, मी पायांकडे. पवित्रा बदलताना तिचे ओठ हलत होते. ती पावले मोजत होती. शेवटी तिच्या साथीदाराने तळहातावर लिंबू ठेवून हात पुढे केला. ती गिरकी घेत आली, पाते खाली उतरले, लिंबाच्या दोन फाकी झाल्या आणि साथीदाराने कोरा तळहात सगळ्यांना फिरवून दाखवला. शिट्ट्यांनी मैदान दणाणले. मी पाहिले ते हे की त्या क्षणी साथीदाराने श्वाससुद्धा हलू दिला नव्हता. निम्मे कसब त्याचे होते.

१९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. चांगलेच झाले. पण ही विद्या जाहीरनाम्यांवर जगलेली नाही. लढायची गरज संपल्यावर ती खेळात शिरली आणि खेळ म्हणून टिकली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्रकायदा आला. तलवारीला परवाना हवा झाला, काठीला नको होता. आखाड्यांतून पट्ट्याचे हात काठीने, तलवारीचे हात फरीगदग्याने घोटले जाऊ लागले. फरीगदगा म्हणजे चामडे मढवलेला दांडा आणि हातात छोटी ढाल. लागले तर वळ उठतो, माणूस मरत नाही. बोथाटी हा तर मुळातच शिकण्यासाठीचा भाला. टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा, तो रंगात बुडवायचा आणि घोड्यावरून एकमेकांवर चाल करायची. अंगरख्यावर रंग उमटला की वार मानायचा. पंचाची गरज नाही, वाद नाही. घोडे गेले आणि बोथाटीही गेली. लेझीम मात्र राहिली. आज ती बँडच्या तालावर मुली वाजवतात. पण तिचा धनुष्याचा आकार आणि दोरीच्या जागी असलेली लोखंडी साखळी नीट पाहा. धनुष्य ओढण्याचे बळ दंडात यावे म्हणून तिरंदाज जी जड लेझीम ओढत, तिचीच ही हलकी नात.

वऱ्हाडात ही विद्या सांभाळली ती अमरावतीने. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिथे आखाडा उभा केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. क्रांतिकारक राजगुरू काही काळ तिथल्या मातीत घाम गाळून गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही मंडळाचे खेळाडू गेले. मीही तिथेच शिकलो. आमच्या पिढीचे पीटीचे मास्तर तिथून विदर्भभर पांगले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरालाही पवित्रा कशाला म्हणतात ते कळले.

तर हात टिकला. गोष्ट मात्र परगावची घेतली. आमच्या पोरांनी खेळलेल्या सगळ्या लढाया घाटावरच्या. जावळीचे खोरे, पन्हाळ्याची वाट, सिंहगडाचा कडा. आमच्या काळ्या, सपाट, पऱ्हाटीच्या मुलखात मंडपाच्या बांबूंवर सुतळीचे पोते टाकून आम्ही सह्याद्री उभा करायचो. १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे 'जाणता राजा' हे महानाट्य आले आणि खरे हत्ती-घोडे रंगमंचावर आले, तेव्हापासून तर गावोगावच्या हौशी मंडळींपुढे तोच नमुना. त्यात वावगे काही नाही. पण आमच्या जिल्ह्यात लढाया झाल्याच नाहीत असे पोरांना वाटू लागते, ते खरे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात भाम नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले यांचे मुख्य ठाणे होते. हे पद छत्रपती शाहूंनी त्यांचे वडील परसोजी यांना दिले आणि परसोजींच्या मागे, १७०९ मध्ये, ते कान्होजींकडे आले. त्यांचा चुलत पुतण्या रघुजी. कान्होजींना मूलबाळ नव्हते तोवर रघुजी त्यांच्याजवळ वाढला. मग त्यांना मुलगा झाला, रायाजी, आणि घरात व्हायचे तेच झाले. रघुजी बाहेर पडला, देवगडला आणि एलिचपूरला चाकरी करून पाहिली, शेवटी साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेला. इकडे कान्होजी दरबारचे ऐकेनासे झाले, हिशेब देईनात. शाहूंनी सेनासाहेबसुभा हे पद रघुजीला दिले आणि काकाला धरून आणायला पुतण्यालाच पाठवले. १७३० च्या सुमाराची ही गोष्ट. रघुजी भामवर आला, कान्होजी निसटले, रघुजीने पाठलाग केला आणि वणीजवळ मंदरला गाठले. तिथे लढाई झाली. कान्होजी पकडले गेले, साताऱ्याला रवाना झाले आणि कैदेतच वारले. रघुजीने पुढे नागपूर घेतले, त्याच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पाया आमच्या मंदरच्या शिवारात पडला, असे म्हटले तरी चालेल.

आज मंदरला जाल तर कपाशी दिसेल, आणि वणीच्या रस्त्यांना लागलात की कोळशाचे ट्रक. तिथल्या पोरांना पावनखिंडीत बाजीप्रभू किती वेळ लढले ते विचारा, घडाघडा सांगतील. मंदरचे विचारले तर "आमच्या गावात? कायची लढाई?" असे उलट तुम्हालाच विचारतील.

दुसरी लढाई पांढरकवड्याची. २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि दुसरा बाजीराव पळत सुटला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळेल या आशेने तो आमच्या मुलखात उतरला. पण आप्पासाहेबांना इंग्रजांनी मार्चमध्येच अटक केली होती. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने पेशव्याची फौज गाठली आणि उधळून लावली. तोफा, उंट, हत्ती टाकून बाजीराव निसटला, ३ जूनला असीरगडाजवळ इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. ॲडम्सने शिवणीनंतर पुढच्याच महिन्यात चांद्याचा किल्ला घेतला. सातवीच्या पुस्तकातला मध्ययुगीन भारत जिथे संपतो, त्याच्या अगदी शेवटच्या लढायांतली एक आमच्या केळापूर तालुक्यात झाली. तीही कोणी खेळत नाही.

का, ते उघड आहे. लुटुपुटीच्या लढाईला प्रेक्षकाची बाजू लागते. आपला कोण आणि परका कोण, हे हलगीच्या पहिल्या ठोक्याला कळले पाहिजे. शिवणीला पळणारा आपला. त्याचे काम करायला कुठला पोरगा तयार होईल? मंदरला तर पंचाईत आणखी मोठी. काका भोसले, पुतण्या भोसले. दोघेही शाहूंचे सरदार, दोघांचा झेंडा भगवा, दोघांच्या तोंडी हर हर महादेव. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? ज्यांच्या शेतांतून हे घोडे गेले त्या कुणब्यांनाही तो प्रश्न पडलाच असणार. वऱ्हाडात दुअंमली होती, निजामाचाही अंमलदार यायचा आणि भोसल्यांचाही. कोण जिंकले, यापेक्षा यंदा वसुलीला कोण येणार, याची त्यांना जास्त काळजी.

लढाईची आठवण लोक ठेवत नाहीत असे नाही. दसऱ्याला आम्ही गावाच्या शिवेपर्यंत जातो, आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो आणि थोरांच्या हातात देऊन पाया पडतो. पाऊस ओसरला, नद्या उतरल्या, घोड्यांना चारा झाला की फौजा मुलुखगिरीला निघत. त्या मोसमाची ही घरगुती नक्कल. लुटीतली लूट राहिली आणि लुटला गेलेला गाळला गेला. पांढुर्ण्याला मात्र तसे नाही. मध्य प्रदेशच्या हद्दीतले हे मराठी गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांवर खरे दगड मारतात. हीच गोटमार. मधोमध पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा. तो तोडून चंडिकेच्या देवळात न्यायचा. एका गावचा मुलगा, दुसऱ्या गावची मुलगी, नदीच्या पात्रात दोघे सापडले आणि दोन्हीकडून दगड सुटले, अशी कथा सांगतात. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. दरवर्षी डोकी फुटतात, माणसेही गेली आहेत. गोटमारीत बाजू आहे पण पडायची तालीम नाही. माझ्या शाळेतला कुठलाही पोरगा तिथल्या मोठ्यांना निदान एवढे शिकवू शकेल.

पोलंडमध्ये ग्रुन्वाल्डला दरवर्षी जुलैत मोठ्या संख्येने लोक चिलखते चढवून १४१० ची लढाई पुन्हा लढतात. निकाल बदलत नाही. जर्मन सरदारांचा मुख्य दरवर्षी मरतो. पण त्याच्या बाजूने उभे राहायला, आणि उन्हात लोखंड घालून हरायला, माणसे तिथे हौसेने येतात. म्हणजे हरणारी बाजू खेळणे ही कमीपणाची गोष्ट नाही, एवढे मान्य केले की काम होते.

म्हणून माझे एक मागणे आहे. वणी-मारेगावकडच्या एखाद्या शाळेने एका शिवजयंतीला मंदरची लढाई बसवावी. खर्च काही नाही. सह्याद्री उभा करायला नको, शिवार आहे तसेच चालते. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे फेटे. सुरुवातीला काका लहान रघुजीला पट्ट्याचा पहिला हात शिकवतो, शेवटी तोच हात काकावर उतरतो. सूत्रधाराने कोणाला नायक म्हणायचे नाही, खलनायकही नाही. पोरांनी आदल्या दिवसापर्यंत बाजू बदलत राहायचे. बसवायला मी येईन, मानधन नको. गावकरी गोंधळतील, शेजाऱ्याला कोपर मारून विचारतील, "आपला कोणता रे?" त्यांना दहा मिनिटे कोणी उत्तर द्यायचे नाही, एवढीच माझी अट.