ताकामिने यांचं पेटंट, उएनाका यांची वही

आपल्याकडे कुठल्याही कॅज्युअल्टीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं. अमेरिकेत तेच औषध 'एपिनेफ्रिन' या नावाने मिळतं. रेणू एकच, नावं दोन. यामागे एका जपानी उद्योजकाची गोष्ट आहे: जोकिची ताकामिने. त्यांना शास्त्रज्ञ म्हणायचं की कारखानदार, यावर मतं वेगवेगळी असतील. मला ते आधी कारखानदार वाटतात.

जन्म १८५४ चा, ताकाओकाचा. वडील डच वैद्यक शिकलेले डॉक्टर, तर आईच्या माहेरी साके गाळण्याचा धंदा. हा दुसरा तपशील पुढे फार उपयोगी पडणार आहे. लहानपणीच त्यांना परकीय विद्या शिकायला नागासाकीला पाठवलं गेलं. १८६८ मध्ये मेइजी राजवट आली आणि परदेशी तंत्रज्ञान लवकरात लवकर आत्मसात करायचं हे सरकारी धोरणच झालं. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून रसायनशास्त्र शिकून ताकामिने सरकारी खर्चाने ग्लासगोला गेले. परतल्यावर सरकारी नोकरी. १८८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला गेले, तिथे कॅरोलिन हिच भेटली, पुढे लग्न झालं. नव्यानेच उघडलेल्या जपानी पेटंट कार्यालयातही त्यांनी अधिकारी म्हणून काम केलं. म्हणजे पेटंट ही चीज काय असते, ते त्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूने माहीत होतं. १८८७ मध्ये एइची शिबुसावा यांच्यासारख्या बड्या भांडवलदारांना सोबत घेऊन त्यांनी टोकियोत सुपरफॉस्फेट खताची कंपनी काढली.

इथपर्यंतची कथा त्या काळातल्या बऱ्याच जपानी तंत्रज्ञांची आहे: पश्चिमेकडून शिका, घरी येऊन कारखाना टाका. ताकामिने यांनी पुढे जे केलं ते मात्र उलट्या दिशेचं होतं.

दारू करायची तर यीस्टला साखर लागते. धान्यात असतो स्टार्च, तो यीस्टला थेट पचत नाही. युरोप-अमेरिकेत यासाठी बार्लीला मोड आणून माल्ट करत, कारण मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं. जपानमध्ये हेच काम शेकडो वर्षं कोजी करत आली आहे. कोजी म्हणजे वाफवलेल्या भातावर वाढवलेली ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी. ती भरपूर अमायलेज सोडते आणि दोन-तीन दिवसांत तयार होते. माल्टला याहून बराच जास्त वेळ लागतो. ताकामिने यांनी तांदळाच्या जागी गव्हाचा कोंडा वापरला, म्हणजे गिरणीत अक्षरशः उरणारा माल. आजोळचं ज्ञान, स्वस्त कच्चा माल आणि वर पेटंट!

१८९० मध्ये हे तंत्र घेऊन ते अमेरिकेत गेले. इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात 'व्हिस्की ट्रस्ट'ने त्यांना प्रयोगासाठी जागा दिली. माल्टवाल्यांच्या पोटावर पाय येणार, म्हणून विरोध झाला. मग कारखान्याला आग लागली, ताकामिने स्वतः यकृताच्या दुखण्याने आजारी पडले, आणि शेवटी ट्रस्टच बुडाला. कोजीची व्हिस्की बाजारात आलीच नाही.

पण एन्झाइम हातात होतं. ते त्यांनी शुद्ध करून १८९४ मध्ये पेटंट घेतलं आणि 'टाका-डायस्टेज' नावाने पचनाचं औषध म्हणून पार्क-डेव्हिस कंपनीला दिलं. घरात पचनाचं सिरप असेल तर बाटलीवर 'फंगल डायस्टेज' लिहिलंय का बघा. त्याच वंशातलं आहे. जपानमध्ये हे औषध विकायला सांक्यो कंपनी उभी राहिली आणि १९१३ मध्ये ताकामिने तिचे अध्यक्ष झाले.

आता ॲड्रेनालिन. अधिवृक्क ग्रंथीचा अर्क रक्तदाब वाढवतो हे १८९४-९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवलं होतं. त्यातला नेमका पदार्थ वेगळा करायला अनेक जण धडपडत होते. बाल्टिमोरच्या जॉन एबल यांनी 'एपिनेफ्रिन' जाहीरही केलं, पण त्यांच्या पदार्थाला बेन्झॉइल गट चिकटलेला होता. न्यूयॉर्कमध्ये ताकामिने यांच्या छोट्या प्रयोगशाळेत १९०० च्या सुरुवातीला केइझो उएनाका नावाचा चोविशीचा मदतनीस रुजू झाला. त्याने अर्क निर्वातात आटवला, त्यात अमोनिया घातला, आणि जुलैमध्ये स्फटिक मिळाले. ५ नोव्हेंबर १९०० रोजी पेटंटचा अर्ज गेला. त्यावर संशोधक म्हणून नाव एकच: ताकामिने.

हे पेटंट १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात आव्हानाला सामोरं गेलं. निसर्गातल्या पदार्थावर पेटंट कसं, हा मुद्दा होता. न्यायाधीश लर्नेड हँड यांनी शुद्ध केलेला पदार्थ व्यवहारात नवीनच ठरतो असं म्हणत ते टिकवलं. (२०१३ मध्ये जनुकांच्या पेटंटवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला तेव्हाही हा निकाल चर्चेत होता.) 'ॲड्रेनालिन' हे पार्क-डेव्हिसचं व्यापारी नाव असल्यामुळे अमेरिकेने एबल यांचा शब्द उचलला. दोन नावांचं कोडं इथे सुटतं.

ताकामिने १९२२ मध्ये न्यूयॉर्कला वारले, श्रीमंत आणि नावाजलेले. वॉशिंग्टनची चेरीची झाडं आणण्यात त्यांचा पैसा आणि खटपट होती. जपानला स्वतःची मूलभूत संशोधन संस्था हवी हे त्यांनी १९१३ मध्येच लावून धरलं होतं आणि १९१७ मध्ये 'रिकेन' सुरू झाली. इतकं असून अमेरिकेचं नागरिकत्व त्यांना मिळू शकत नव्हतं, तेव्हाचा कायदाच आशियाई माणसाला ते देत नसे.

१९२७ मध्ये एबल यांनी लिहिलं की १९०० च्या शरद ऋतूत ताकामिने आपल्या प्रयोगशाळेत येऊन गेले होते. काय सुचवायचंय ते वाचणाऱ्याला कळत होतं: कल्पना इथून नेली. उत्तर द्यायला ताकामिने हयात नव्हते, आणि पेटंटवरची तारीख तर नोव्हेंबरची.

उत्तर उएनाका यांच्या वहीत होतं. दररोज काय घातलं, किती आटवलं, रंग कोणता आला, सगळं तारखेनिशी. स्फटिकांची नोंद जुलैची, म्हणजे त्या भेटीच्या आधीची. मालकाच्या नावाला लागलेला डाग पुसला गेला तो ज्या मदतनीसाचं नाव पेटंटवर घातलं नव्हतं त्याच्या हस्ताक्षरामुळे. उएनाका जपानला परतले, सांक्योत काम केलं आणि १९६० मध्ये वारले. वही आयुष्यभर त्यांच्याकडेच होती. आता ती निशिनोमियाच्या एका बौद्ध मंदिरात जपून ठेवलेली आहे. जपानच्या औषधसंहितेत 'एपिनेफ्रिन'च्या जागी 'ॲड्रेनालिन' हे मुख्य नाव आलं ते २००६ मध्ये.